गुणपत्रिकेचा बट्टा

बडोद्याच्या जुन्या घरांतून एखाद्या आजीबाईंच्या पेटीच्या तळाशी अजूनही क्वचित बाबाशाही रुपया सापडतो. बडोदे संस्थानची स्वतःची टांकसाळ होती, त्या काळचे हे नाणे. बडोद्याच्या बाजारात ते बिनतक्रार चाले. भाजीवाली ते नाकारीत नसे, सावकार ते मोजून घेई. परंतु तोच रुपया कनवटीस लावून मनुष्य इंग्रजी मुलखात गेला, की तेथील सराफ तो उलटसुलट करून पाही आणि बट्टा कापून घेऊन मगच कलदार रुपया हाती ठेवी. तो रुपया मिळविण्यासाठी गाळलेला घाम खोटा नव्हता. पण हद्द ओलांडताच त्याचे मोल सराफाच्या मर्जीवर येऊन ठेपे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे चलन बंद झाले आणि बट्ट्याची ती कटकट मिटली. आज साऱ्या देशात एकच रुपया चालतो. गुणपत्रिकेचा बट्टा मात्र अद्याप चालूच आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या हाताखालून दहावी उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी वडिलांच्या बदलीमुळे परराज्यात गेली. मुलगी कष्टाळू, गणितात तिला शंभरांपैकी एक्याऐंशी गुण होते. तेथील एका महाविद्यालयात अकरावीच्या प्रवेशासाठी गेली असता खिडकीपलीकडील गृहस्थांनी गुण वाचण्यापूर्वीच विचारले, "बोर्ड कोणते?" मग विचारले, "माध्यम कोणते?" आणि दोन्ही उत्तरे ऐकून म्हणाले, "तिकडे गुण सढळ हाताने देतात." प्रवेश तिला पुढे मिळाला, पण त्या दिवशी तिने आम्हांस पत्र लिहिले. त्यात एकच प्रश्न होता : "सर, माझे एक्याऐंशी गुण इकडे किती होतात?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. खरे म्हणजे ते कोणापाशीच नाही. आपल्या देशात शालान्त परीक्षा घेणारी लहानमोठी मंडळे साठाच्या आसपास आहेत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी, उत्तरपत्रिका तपासण्याची रीत वेगळी. एका मंडळाचे एक्याऐंशी आणि दुसऱ्याचे एक्याऐंशी यांत साम्य कितपत आहे हे सांगणारी सर्वमान्य मोजपट्टी आपण अजून तयार केलेली नाही. म्हणून माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास देशभर एकाच अर्थाने वाचली जाईल अशी समान राष्ट्रीय पात्रता मिळावी, ही मागणी वारंवार पुढे येते. आमच्या मते ही मागणी रास्त आहे. मात्र ती कोणत्या रूपाने पुरी व्हावी, याचा विचार आपल्यासारख्या भाषिक अल्पसंख्य शाळांनी इतरांपेक्षा अधिक बारकाईने केला पाहिजे.

प्रथम मागे वळून पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. आपले बडोदे कॉलेज १८८१ साली निघाले व ते त्याच विद्यापीठास जोडलेले होते; त्यामुळे बडोद्याचा मुलगाही तीच मॅट्रिक होई. पुढे १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली, आणि १ मे १९६० रोजी गुजरात व महाराष्ट्र ही दोन राज्ये निराळी होईपर्यंत बडोद्याचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी एकाच राज्याच्या शालान्त परीक्षेस बसत होते. तेव्हापासून मराठी शिकणारी आपली मुले गुजरातच्या मंडळाची परीक्षा मराठीतून देत आली आहेत. घरची भाषा एक, परीक्षेचे राज्य दुसरे, अशी ही आपली स्थिती आहे.

त्या जुन्या एकतेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. ती एकता मूठभरांची होती. मॅट्रिकचे मुख्य माध्यम दीर्घकाळ इंग्रजी होते, आणि ज्याच्या घरी इंग्रजीचा गंध नाही अशा मुलाला ती परीक्षा म्हणजे न उघडणारा दरवाजाच होती. एकच परीक्षा होती म्हणून ती सर्वांना न्याय देणारी होती, असे मुळीच नाही.

दुसरे उदाहरण आमच्या मुलखाचे. आमच्या घरी कोंकणी बोलली जाते, आणि गोव्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून परीक्षांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लिसेंवमध्ये शिकलेल्यास पोर्तुगालची वाट खुली असे. परंतु ज्याला मुंबईस नोकरी किंवा शिक्षण हवे असे, त्याला मुंबईच्याच मॅट्रिकची तयारी करावी लागे. एकाच घरातील दोन भाऊ दोन परीक्षा देत, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या बाजारात चालत नसे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तेथील मुले महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेस बसू लागली. १९७५ साली गोव्याचे स्वतःचे मंडळ निघाले. स्वतःचे मंडळ असणे ही अभिमानाची गोष्ट आहे. आपल्या भूमीचा इतिहास, आपले वृक्ष, आपली नदी पाठ्यपुस्तकात यावी असे कोणास वाटणार नाही? पण मंडळ आपले झाले तरी मुलास उद्या जायचे असते पुण्याला, बंगळुरास, दिल्लीला. आणि तेथे पुन्हा सराफ बसलेलाच असतो.

या अविश्वासाचे पर्यवसान कशात होते हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. निरनिराळ्या मंडळांची मुले अकरावीच्या एकाच रांगेत उभी राहिली, तेव्हा कोणाचे गुण कसे मोजावेत यावरून २००८ पासून तंटे लागले. शासनाने कधी शतमकाचे सूत्र काढले, कधी राज्य मंडळाच्या मुलांसाठी शेकडा नव्वद जागा राखण्याचे ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने ते निर्णय रद्द केले. २०१० साली उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथे टिकला. २०२१ साली साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी योजलेली सामाईक परीक्षाही उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. पंधरा-सोळा वर्षांची मुले प्रवेशासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत घरी बसली. दोष त्यांचा नव्हता. दोष मोजपट्टीच्या अभावाचा होता.

बारावीनंतरची कथा याहून बोलकी आहे. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत काही विषयांच्या प्रवेशासाठी शंभर टक्के गुणांची अट लागली. शंभरापलीकडे मोजपट्टीच नसल्यामुळे, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा सुरू झाली. वैद्यकीय प्रवेशास राष्ट्रीय परीक्षा त्याआधीच आली होती, अभियांत्रिकीच्या निराळ्याच. म्हणजे शालान्त गुणपत्रिकेवर विश्वास नाही म्हणून तिच्यावर दुसरी परीक्षा ठेवावयाची, आणि त्या दुसऱ्या परीक्षेसाठी तिसरे दुकान उघडावयाचे! ज्याच्या बापाजवळ क्लासची फी भरण्याची ऐपत आहे त्याला ही व्यवस्था जड जात नाही. परंतु वाडीच्या किंवा मांडवीच्या गल्लीत राहणारा, सायंकाळी दुकानात बापाला हातभार लावणारा मुलगा दहा-बारा वर्षे शाळेत शिकून जे प्रमाणपत्र मिळवितो, ते प्रवेशाच्या वेळी केवळ पात्रतेपुरते उरते. शाळेचा अपमान म्हणून आम्हांस याचे दुःख होतेच; त्याहून अधिक दुःख होते ते त्या मुलाच्या वाया गेलेल्या श्रमांचे.

यावर पुष्कळ लोक सोपा उपाय सुचवितात : सारी मंडळे मोडा, एकच मंडळ ठेवा, एकच पुस्तक, एकच प्रश्नपत्रिका. २०२० साली दोन राष्ट्रीय मंडळे एकत्र करून साऱ्या देशास समान अभ्यासक्रम लावावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढेही गेली होती. न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला. आम्हांसही हा उपाय मान्य नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की एवढ्या मोठ्या देशाचे सारे पाणी एकाच रांजणात भरले, तर रांजणास तडा जाताच सारेच तहानलेले राहतात. २०२४ साली वैद्यकीय प्रवेश परीक्षेस तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. पाटणा व हजारीबाग येथे पेपर फुटल्याचे उघड झाले, आणि कित्येक आठवडे देशभरच्या मुलांचा जीव टांगणीस लागला. परीक्षा रद्द करावी तर लक्षावधी निरपराध्यांवर अन्याय, न करावी तर मनात किंतु. असा तो पेच होता.

दुसरे कारण, शिक्षणाचे पोषण स्थानिक मातीतून होते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा केंद्र व राज्य या दोहोंचा विषय झाला, तरी शाळा अखेर गावाचीच असते. विश्वामित्री नदीतील मगरींविषयी बडोद्याच्या मुलाने शिकू नये आणि मांडवीच्या खारफुटीविषयी गोव्याच्या मुलाने शिकू नये, असे कोण म्हणेल?

तिसरे कारण भाषेचे, आणि ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०१७ साली वैद्यकीय प्रवेश परीक्षेत इंग्रजीची प्रश्नपत्रिका एक व काही प्रादेशिक भाषांची प्रश्नपत्रिका वेगळी, असे घडले. गुजराती व इतर भाषांतून परीक्षा देणाऱ्या मुलांनी तक्रार केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढील वर्षापासून सर्वांना एकच प्रश्नपत्रिका भाषांतरित करून देण्याचे ठरले. आज ती परीक्षा तेरा भाषांतून होते. त्यांत मराठी आहे, गुजराती आहे. १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळालेली आमची कोंकणी नाही. यावरून एवढेच दिसते, की समान परीक्षा म्हटली की लहान भाषांना शेवटच्या बाकावर जागा मिळते, कधी तीही मिळत नाही. परप्रांतातील मराठी शाळेला हा धोका विशेष आहे. समान परीक्षा प्रत्यक्षात इंग्रजीचीच ठरली, तर पालक आपल्या शाळेकडे पाठ फिरवतील, आणि ज्या समतेसाठी हा खटाटोप केला तिच्यासाठीच एक शाळा बळी पडेल.

मग मार्ग कोणता? आमच्या मते समान असावे ते माप. धान्य ज्याने त्याने आपल्या शेतातले मोजावे. मंडळे राहावीत, भाषा राहाव्यात, स्थानिक अभ्यास राहावा. पण गणित, विज्ञान आणि भाषा या मूळ विषयांत दहावी व बारावीच्या विद्यार्थ्यास किमान काय आले पाहिजे हे सर्व मंडळांनी मिळून ठरवावे, आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेतील काही भाग सामायिक प्रश्नसंग्रहातून घ्यावा. त्या भागावरून एका मंडळाचे गुण दुसऱ्याच्या गुणांशी ताडून पाहता येतील. प्रमाणपत्रावर मंडळाच्या गुणांबरोबर त्या समान मोजपट्टीवरील स्थानही छापावे. मग खिडकीपलीकडील गृहस्थांना "बोर्ड कोणते?" असे विचारण्याचे कारणच उरणार नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. फ्रान्सने १८०८ पासून एक राष्ट्रीय शालान्त पदवी चालविली आहे. पण तो एककेंद्री देश. आपणांस जवळचे उदाहरण जर्मनीचे. तेथे सोळा घटकराज्ये, आणि शिक्षण हा राज्यांचा विषय. शालान्त परीक्षा प्रत्येक राज्य स्वतः घेते. परंतु २०१७ पासून जर्मन, गणित, इंग्रजी व फ्रेंच या विषयांसाठी राज्यांनी सामायिक प्रश्नसंग्रह केला असून त्यातून ती प्रश्न घेतात. त्याच वर्षी तेथील घटना-न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात असे बजावले, की राज्याराज्यांतील शालान्त गुणांची तुलना न्याय्य रीतीने झालीच पाहिजे. राज्ये टिकली आणि मोजपट्टीही घडू लागली.

आपल्याकडेही पाया घातला गेलेला आहे. पूर्वी कोठे शालान्त परीक्षा दहावीस, कोठे अकरावीस, कोठे बारावीस अशी अनवस्था होती. मुंबई राज्याची एस. एस. सी. अकरावीची होती हे घरातील आजोबांना विचारावे. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाने दहा, दोन व तीन वर्षांचा आराखडा दिला आणि हळूहळू साऱ्या देशाने तो स्वीकारला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडील बहिरेवाडीचे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. वर्षांची संख्या एक झाली. वर्षांचे मोल एक होणे राहिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार मंडळांमध्ये समानता आणण्यासाठी २०२३ साली 'परख' नावाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. बारावीच्या निकालात नववीचे पंधरा, दहावीचे वीस, अकरावीचे पंचवीस व बारावीचे चाळीस टक्के धरावेत, असे त्याने २०२४ साली सुचविले आहे. ही सूचना जशीच्या तशी स्वीकारावी असे आम्ही म्हणत नाही. चार वर्षे परीक्षेची टांगती तलवार राहील ही शंका रास्त आहे. परंतु तीन तासांच्या एका बैठकीऐवजी शाळेतील सततच्या कामास मोल द्यावे, हा तिच्यामागील विचार शिक्षक म्हणून आम्हांस पटतो.

भाषांतर अचूक होणार नाही, एकच प्रश्न दहा भाषांत सारखाच कठीण राहणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खरा आहे, पण तो बडोदेकरांनी तरी अशक्यतेची सबब म्हणून पुढे करू नये. याच नगरीत १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध झाला. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. एका अर्थाला अनेक भाषांत सारखेच वजन मिळावे म्हणून विद्वानांनी एकत्र बसून केलेले ते काम होते. संस्थानाला जे कारभारासाठी करता आले, ते राष्ट्राला मुलांच्या प्रश्नपत्रिकेसाठी करता येऊ नये काय? अट एवढीच, की प्रश्न प्रथम इंग्रजीत रचून मग घाईने इतर भाषांत ओतू नयेत. त्या त्या भाषेतून प्रत्यक्ष वर्गात शिकविणारे शिक्षक आरंभापासून त्या कामी बसावेत.

एक खुलासा मात्र पालकांसाठी केला पाहिजे. समान पात्रता आली म्हणजे जागा वाढतील, किंवा राज्याराज्यांच्या रहिवासाच्या अटी नाहीशा होतील, असे कोणी समजू नये. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यास दहावी-बारावी त्याच राज्यातून होण्याची अट असते. गुजरातेतून शिकलेल्या मराठी मुलाला ती भोवते. हा प्रश्न निराळा आहे व त्याचा विचार निराळाच व्हावा. प्रमाणपत्राचे काम मुलाला काय येते हे खरेपणाने सांगणे, एवढेच. पण तेवढे तरी त्याने साऱ्या देशात सारखेच सांगावे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानास लागू केले. गुजराती घरातील मूल असो की मराठी घरातील, शाळेचे दार दोघांना उघडे, हे त्यातील तत्त्व होते. दार उघडण्याचे काम त्या पिढीने केले. आत येऊन शिकून बाहेर पडणाऱ्याच्या हाती जो कागद पडतो, त्याचे मोल रस्त्यात कोणी कापून घेऊ नये, हे पाहण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

विद्यार्थिमित्रहो, हे घडेल तेव्हा घडेल. तोवर बट्ट्याच्या भीतीने आपल्या शाळेस किंवा आपल्या भाषेस कमी लेखू नका. आपल्या त्या ताईला आम्ही उत्तरात लिहिले होते, की तुझे एक्याऐंशी गुण तिकडे किती होतात हे आज कोणी सांगू शकत नाही. पण त्यासाठी सोडविलेली गणिते तिकडेही तशीच सुटतात. तिने ती सोडवून दाखविली. गेल्या दिवाळीत ती भेटावयास आली तेव्हा हसून म्हणाली, "सर, आता मला कोणी बोर्ड विचारीत नाही." आम्हांस आनंद झाला, परंतु एक गोष्ट मनात राहिलीच. जे तिला दोन वर्षे झगडून सिद्ध करावे लागले, ते तिच्या गुणपत्रिकेने पहिल्याच दिवशी सांगावयास हवे होते.